मानेचं माप

रविवारी चर्चमागच्या खोलीत,
जिथे आदल्या दिवशीच्या लग्नाच्या खुर्च्या अजून रचलेल्या होत्या,
मी मुलांना एक शब्द वाचून दाखवला: जू.

अनुग्रह पाटोळे, वय नऊ, राहणार डॉकयार्ड रोड.
त्यानं लगेच डोकं खाजवलं.
शेजारचे दोघे तोंड दाबून हसले.
त्यांच्या मजल्यावर सगळे हिंदी बोलतात,
तिथे हा शब्द फणीनं काढतात.
आणि प्रभू तर म्हणतो, माझं घ्या.
"टीचर, कशाला घ्यायचं?"

प्रश्न रास्त होता.
माझगावात बैल शेवटचा कुणी पाहिला?
पोळ्याला लालबागेत मातीचे मिळतात,
त्यांच्या मानेवर काहीच नसतं.
मी फळ्यावर एक आडवी रेघ काढली, खाली दोन गोल.
मुलांना तो चष्मा वाटला.

मग शांतवनमामा रणभिसे उठले.
गोदीतले निवृत्त सुतार,
दर रविवारी खुर्च्या मोजायला येतात, उगाच.
म्हणाले, गावाकडे वडिलांबरोबर जू तासलंय मी, बाभळीचं.
आधी बैल यायचा दारात,
लाकूड नंतर.
वशिंडापुढे वीत ठेवून वडील माप घ्यायचे,
तासून झालं की स्वतःचा गाल फिरवायचे त्यावरून.
गालाला टोचलं, तर बैलाचा खांदा सोलवटणार.
"सोयीचं म्हणजे हलकं नव्हे रे.
सोयीचं म्हणजे मापाचं."
आणि अनुग्रहच्या मानेला त्यांनी दोन बोटं लावली.
तो हसायचा थांबला.

मी पुस्तकात बोट ठेवून थोडी वर सरकले.
वर थकलेली माणसं होती.
त्या काळी गुरूच्या शिकवणीलाच जू म्हणत,
आणि विश्रांतीच्या दिवशी काय उचलायचं, काय नाही,
याच्याही लांबलचक याद्या असत.
पान उलटलं तर लगेच शेत:
भुकेले शिष्य कणसं तोडतायत
आणि कुणीतरी हरकत घेतंय.
इतकी वर्षं मी ही ओळ शिकवतेय,
पान कधी उलटलं नव्हतं.

आमच्या स्वयंपाकघरात ती ओळ एकटीच राहायची.
कॅलेंडरमधून कापलेली, चौकटीत बसवलेली,
फोडणीच्या वाफेनं पिवळी.
आई इस्पितळातून रात्रपाळी करून यायची,
मग बाबांचा चहा, मग बाबांचा आवाज.
विमलमावशी हळूच म्हणायची, निघ गं, निघ इथून.
आई बोलायची नाही,
फक्त चौकटीकडे बोट दाखवायची.
वाक्य मीच पुरं केलं होतं, सातव्या वर्षी:
जू आहे, वाहायचं.

त्या दुपारी घरी आले ती रागातच.
म्हटलं, आई, कुणी तुझं माप घेतलं होतं?
कुणी गाल फिरवला होता त्या लाकडावरून?
एका ओळीवर एकतीस वर्षं काढलीस,
वरची कधी वाचली नाहीस?
तिला ऐकू कमी येतं. मी सगळं पुन्हा ओरडून सांगितलं,
शेत, कणसं, शांतवनमामांचे वडील.
खालच्या मजल्यावरच्या डिसोझाबाईंनाही कळलं असेल.

आई लसूण सोलत होती.
म्हणाली, ओळीचं काय घेऊन बसलीस,
चौकटीमागे पैसे ठेवायचे मी.
विमलला सांगत होते, जमतायत.

कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघी थांबलो.
किती जमले होते?
म्हणाली, पुष्कळ. एक खोली झाली असती भाड्याची, परळला.
मग?
"मग तुझं डी.एड. आलं."

सालं गोळा करून तिनं पदराला हात पुसले,
माझ्याकडे पाठ करून बसली
आणि मान पुढे केली,
बाम लावायला.